खाऱ्या समुद्रांतील गोडीं तीर्थें

बहुतेक देवस्थानांत यात्रेकरू स्नान आटोपून, कोरडें धूतवस्त्र नेसून मग देवळाची पायरी चढतो. रामेश्वरची रीत निराळी आहे. तेथें पूर्वेच्या गोपुरासमोर अग्नितीर्थ म्हणून जें आहे, तें म्हणजे प्रत्यक्ष समुद्र. त्यांत बुडी मारून यात्रेकरू तसाच निथळत देवळांत शिरतो, आणि आंतल्या बावीस तीर्थांचें स्नान पुरें होईपर्यंत त्याचें अंग कोरडें होत नाहीं. सकाळच्या वेळीं त्या प्रचंड देवालयांत कान देऊन उभें राहिलें, तर दोर घसरल्याचा, बादली आपटल्याचा आणि थंड पाणी डोक्यावर पडतांच माणसांच्या तोंडून निघणाऱ्या उद्गारांचा आवाज चोहोंकडून येत असतो. ओल्या पावलांनीं दगडी फरशी सदा भिजलेली असते. म्हाताऱ्या माणसांनीं तेथें जपूनच चालावें.

हीं बावीस तीर्थें म्हणजे, एकदोन अपवाद सोडले तर, साध्या दगडी विहिरी आहेत. प्रत्येकीच्या कठड्यावर धोतर खोंचलेला एक मनुष्य उभा असतो. दोरास बांधलेली बादली तो खालीं सोडतो, दोनतीन हिसक्यांत वर ओढतो आणि खालीं दाटीनें उभ्या असलेल्या मंडळींच्या डोक्यावर रिकामी करतो. लगेच मंडळी पुढच्या विहिरीकडे धांवतात. महालक्ष्मी, सावित्री, गायत्री, सरस्वती अशीं देवतांचीं नांवें या विहिरींना आहेत, गंगा, यमुना आणि गया या उत्तरेकडील पुण्यस्थळांचीं आहेत, सूर्य-चंद्रांचीं आहेत. नल, नील आणि गवय या वानरवीरांचीं नांवें दिलेल्या विहिरी पाहून मात्र विशेष गंमत वाटते, कारण सेतु बांधणारे हे कारागीर अन्यत्र फारसे कोणाच्या स्मरणांत राहिलेले दिसत नाहींत. शेवटचें तीर्थ कोटितीर्थ. तें झालें कीं ओले कपडे बदलावयाचे, आणि मगच गाभाऱ्याकडे जावयाचें. ओलेत्यानें तेथें प्रवेश नाहीं.

प्रत्येक विहिरीच्या पाण्याची चव वेगळी, असें यात्रेकरू एकमेकांस सांगतात. तें असो. खरें नवल चवीच्या फरकांत नसून चवीच्या गोडपणांत आहे. पूर्वेच्या गोपुरापासून समुद्र हांकेच्या अंतरावर. गांव ज्या बेटावर वसलें आहे तें चारी बाजूंनीं खाऱ्या पाण्यानें वेढलेलें. बेटावर नदी नाहीं, पाणी अडवून धरील असा डोंगर नाहीं. गंधमादन पर्वत म्हणून जो दाखवितात तो वाळूचा उंचवटा आहे. रामाचीं पावलें असलेल्या तेथील मंडपावर चढलें कीं सगळें बेट नजरेंत येतें, आणि दिसतात त्या वाळू, ताडाचीं झाडें आणि काटेरी झुडपें. असें असतां समुद्राच्या कांठीं खणलेल्या विहिरींत समुद्र कां शिरत नाहीं?

याचें उत्तर त्या वाळूंतच आहे. वाळूचें बेट समुद्राला अडवूं शकत नाहीं. खारें पाणी त्याच्या तळाखालून आरपार पसरलेलें असतें. वरून पडणारा पाऊस वाळूंत झटकन् मुरतो आणि त्या खाऱ्या पाण्यापर्यंत जाऊन पोंचतो. पण तेथें त्याची सरमिसळ सहसा होत नाहीं, कारण खारें पाणी जड असतें. ज्या भांड्यांत गोडें पाणी १,००० तोळे मावतें, त्याच भांड्यांत समुद्राचें पाणी सुमारें १,०२५ तोळे भरतें. या पंचवीस तोळ्यांच्या फरकामुळें गोडें पाणी खाऱ्यावर तरंगत राहतें. उघड्यावर असतें तर वारा आणि लाटा यांनीं तें केव्हांच ढवळून टाकलें असतें. वाळूच्या कणांमध्यें अडकल्यामुळें तें हलत नाहीं. बेटाच्या मध्यावर हा थर जाड असतो आणि कडेकडे पातळ होत जातो, म्हणजे त्याचा आकार एखाद्या मोठ्या मसुराच्या दाण्यासारखा असतो.

या दाण्याचा हिशेब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडांतील बाडोन घायबेन यानें, आणि १९०१ सालीं जर्मनींतील हर्झबर्ग यानें, आपापल्या देशांतील वालुकामय किनाऱ्यांवर मांडला. हिशेब सोपा आहे. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या १ फूट वर असेल, तर खालीं सुमारें ४० फूट खोलीपर्यंत गोडें पाणी सांपडतें. श्रोत्यांनीं समुद्रांत तरंगणारा बर्फाचा डोंगर मनासमोर आणावा. वर थोडा, खालीं पुष्कळ. परंतु या हिशेबाची दुसरी बाजू भयंकर आहे. वरची पातळी उपशामुळें १ फूट खालीं गेली, तर खालचें खारें पाणी हळूहळू ४० फूट वर सरकूं लागतें. म्हणून अशा ठिकाणीं विहीर उथळ पाहिजे आणि उपसा बेताचा पाहिजे. दोर आणि बादली घेऊन कठड्यावर उभा असलेला मनुष्य दुधावरची साय काढावी तसें वरवरचें पाणी काढून घेत असतो. त्याच वाळूंत खोल विंधनविहीर घेऊन तिला विजेचा पंप लावला, तर कांहीं काळ भरपूर पाणी मिळतें. मग तें मचूळ होतें आणि शेवटीं खारें. हें एकट्या रामेश्वराचें दुखणें नाहीं. कोंकणांतील खाडीकांठच्या गांवांतल्या वृद्धांना तें ठाऊक आहे.

याचें अगदीं स्पष्ट उदाहरण गांवापासून पांबनच्या वाटेवर तंगच्चिमडम् येथें पाहावयास मिळतें. तेथें विल्लुंडी तीर्थ म्हणून एक विहीर आहे, ती चक्क समुद्रांत आहे. किनाऱ्यापासून एका चिंचोळ्या पुलावरून तिच्यापाशीं जावयाचें. भोंवतीं लाटा, आणि आंत बादली सोडली तर वर येतें तें गोडें पाणी. सीतेला तहान लागली तेव्हां रामानें धनुष्यानें ही जागा भेदली, अशी कथा आहे. किनाऱ्याच्या वाळूंतलें गोडें पाणी समुद्राकडे झिरपत जातें आणि कडेच्या जागीं वर येतें, हें शास्त्राचें म्हणणें. तहानेनें व्याकुळ झालेल्या मनुष्याला अशी जागा पहिल्यांदा सांपडली असेल, तेव्हां त्यालाही दुसरें कांहीं सुचलें नसेल.

आतां काशी-रामेश्वराच्या यात्रेकडे वळलें म्हणजे एक गोष्ट लक्षांत येते. या यात्रेंत पुण्याची देवघेव कोणत्या वस्तूंनीं होते? सेतूची वाळू घेऊन प्रयागास जावयाचें आणि ती गंगेंत सोडावयाची. तेथून गंगेचें पाणी घेऊन रामेश्वरास यावयाचें आणि त्याचा अभिषेक करावयाचा. वाळू आणि गोडें पाणी, या दोनच वस्तु. गाभाऱ्यांतील रामलिंगसुद्धां सीतेनें वाळूचें केलें, अशी श्रद्धा आहे. मारुति कैलासाहून लिंग आणावयास गेला, त्याला उशीर झाला, मुहूर्त टळूं नये म्हणून वाळूच्या लिंगाची स्थापना झाली. मागाहून आलेल्या मारुतीची समजूत घालण्यासाठीं त्याच्या विश्वलिंगाची पूजा आधीं व्हावी असें ठरलें, आणि तो क्रम आजहि चालूं आहे. ज्या बेटावर वाळूखेरीज दुसरें कांहीं नाहीं तेथला देव वाळूचा असावा, आणि ज्याची तेथें नेहमींच चणचण तें गोडें पाणी त्याला शेंकडों कोसांवरून आणून वाहावें, हें ज्यांनीं योजिलें त्यांना तें बेट चांगलें ठाऊक होतें.

महाराष्ट्राला ही यात्रा माहीत आहे ती मुख्यतः एकनाथांमुळें. गंगोदकाची कावड खांद्यावर घेऊन रामेश्वरास निघालेल्या नाथांनीं वाटेंत तापलेल्या वाळूंत तडफडणारें गाढव पाहिलें आणि तें पाणी त्याच्या तोंडांत घातलें, ही कथा मराठी मुलांना शाळेंत जाण्याआधींच माहीत असते. ती सांगतांना भूतदयेवर भर दिला जातो, तो योग्यच आहे. पण त्या कावडीचें वजन सहसा कोणी सांगत नाहीं. तें पाणी पुन्हां आणावयाचें तर पुन्हां उत्तरेस जावयाचें, म्हणजे कित्येक महिन्यांची पायपीट. सोबतीची मंडळी हळहळलीं असतील तर तीं कांहीं निर्दय होतीं म्हणून नव्हे.

मराठी माणसाचा या वाटेशीं दुसराहि एक संबंध आहे, आणि तो कथेंतला नसून कागदोपत्रीं नमूद झालेला आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत शिवछत्रपतींचे बंधु व्यंकोजीराजे यांनीं तंजावरास राज्य स्थापिलें. त्यांच्या वंशजांनीं तंजावराहून रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर जागोजाग छत्रें, म्हणजे अन्नछत्रासह धर्मशाळा, बांधिल्या. ओरत्तनाडु येथील मुक्तांबाळ छत्र हें दुसऱ्या सरफोजी राजांनीं १८०२ सालीं उभारलें. इंग्रजांचा अंमल वाढत चालला तेव्हां या छत्रांचें उत्पन्न हातचें जाऊं नये म्हणून १८०१ सालीं सरफोजींनीं इंग्रज रेसिडेंटास पत्र लिहिलें, त्यांत तेथील व्यवस्था बारकाईनें सांगितली आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, अतीत, बैरागी अशा सर्व वाटसरूंस शिजविलेलें अन्न मिळे; ज्यांना तें चालत नसे त्यांना कोरडा शिधा. मध्यरात्रीं घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिलें असेल त्यानें यावें, असा पुकारा होई. आजाऱ्यास औषध, तान्ह्या मुलास दूध, वाटेंतच मरण आलें तर अंत्यसंस्कार, इतकें सारें तेथें होतें. रामेश्वरास निघालेला गरीब मनुष्य घरीं परत येई तो पुष्कळदां या घंटेमुळें. गाभाऱ्यांतील पूजेचा अधिकारहि परंपरेनें महाराष्ट्रीय ब्राह्मणांच्या घराण्यांकडे आहे. तेव्हां तमिळ मुलखाच्या या टोंकास महाराष्ट्रीय पुजारी भेटला तर मराठी यात्रेकरूनें आश्चर्य वाटून घेऊं नये.

छत्रें संपलीं कीं समुद्र आडवा येई. मंडपम् आणि पांबन यांच्यामधील खाडी होडीनें ओलांडावी लागे. स्वामी विवेकानंद सिलोनहून परतले ते १८९७च्या जानेवारींत जलमार्गानेंच पांबनला उतरले, रामनाडचे राजे भास्कर सेतुपति त्यांच्या स्वागतास किनाऱ्यावर होते. पुढें २४ फेब्रुवारी १९१४ रोजीं रेल्वेचा पूल खुला झाला. १४५ गाळे, लांबी दोन किलोमीटरांहून किंचित् अधिक, आणि मध्यें जहाजांना वाट देण्यासाठीं दोन बाजूंस उघडणारा गाळा, तोहि माणसांनीं हातानें दांडे फिरवून उघडावयाचा. उतारू डब्याच्या खिडकींतून खालीं पाहत तों खालीं नुसतें पाणी. हा पूल शतक उलटून गेल्यावर, डिसेंबर १९२२ पासून नव्हे तर २०२२ पासून, रेल्वेगाड्यांना बंद झाला; त्याच्या शेजारीं बांधलेला नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजीं सुरू झाला. त्याचा मधला ७२.५ मीटर लांबीचा गाळा सबंधच्या सबंध सरळ वर उचलला जातो. मोटारींसाठीं स्वतंत्र पूल १९८८ पासून आहेच.

पुलावरून पाहतां दोन्ही बाजूंचा समुद्र एकच वाटतो. तेथले कोळी मात्र तो दोन मानितात: उत्तरेकडची शांत पाल्क खाडी ही स्त्री-समुद्र, आणि दक्षिणेकडचें खवळणारें मन्नारचें आखात हा पुरुष-समुद्र. पुराणिकांनीं त्यांना महोदधि आणि रत्नाकर अशीं भारदस्त नांवें दिलीं आहेत. बेटाची पूर्वेकडील शेंपटी या दोहोंमध्यें निमुळती होत जाते आणि जेथें संपते तेथें धनुष्कोडी. येथेंच सेतुस्नान करावयाचें आणि येथलीच वाळू प्रयागास न्यावयाची. पलीकडे लंकेंतलें तलैमन्नार सुमारें तीस किलोमीटरांवर, आणि मध्यें उथळ वाळूच्या बेटांची ओळ, तोच रामसेतु.

१९१४ नंतर धनुष्कोडीला चांगली भरभराट आली होती. मद्रासेहून निघालेली बोट-मेल धक्क्यापर्यंत येई आणि उतारू आगबोटींत बसून सिलोनला जात. स्टेशन, टपाल कचेरी, चर्च, धर्मशाळा, सारें होतें. १९६४ सालच्या डिसेंबरच्या २२ तारखेच्या रात्रीं चक्रीवादळ या शेंपटीवर येऊन आदळलें. वीसांहून अधिक फूट उंचीच्या लाटा त्या चिंचोळ्या वाळूवरून एका समुद्रांतून दुसऱ्या समुद्रांत गेल्या. पांबनहून आलेली उतारूंची गाडी धनुष्कोडीच्या अगदीं जवळ अंधारांत उभी होती. ती शंभराहून अधिक माणसांसह वाहून गेली, एकहि वांचलें नाहीं. पांबनच्या पुलाचे १४५ पैकीं १२६ गाळे निखळले. ते काम तीन महिन्यांत उरकावें असें ठरलें होतें. तरुण इंजिनिअर ई. श्रीधरन् यांनीं तें ४६ दिवसांत पुरें केलें. धनुष्कोडीस मात्र कोणी पुन्हां उभें केलें नाहीं. मनुष्यवस्तीस अयोग्य असें सरकारनें जाहीर केलें.

येथें ऋतूचा विचार केला पाहिजे. महाराष्ट्रांत मृगापासून पावसाची वाट पाहतात. रामेश्वरास त्या महिन्यांत पाऊस जवळजवळ नसतोच. तेथला बहुतेक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, ईशान्येच्या वाऱ्यांबरोबर पडतो. वाळूखालचा गोड्या पाण्याचा दाणा वर्षासाठीं भरतो तो याच तीन महिन्यांत, आणि बंगालच्या उपसागरांतील मोठीं वादळें या किनाऱ्यावर येतात तीं बहुधा याच तीन महिन्यांत. बेटाला एकाची वाट पाहावी लागते ती दुसऱ्याच्या धास्तीसकट. वादळाची लाट जमिनीवरून गेली कीं तें खारें पाणी वरून वाळूंत मुरतें, विहिरी नासतात, आणि पुढच्या पावसांनीं ते धुवून निघेपर्यंत थांबावें लागतें.

धनुष्कोडीच्या ओसाड भिंतींच्या आसपास कोळ्यांचीं कांहीं कुटुंबें मात्र अजून राहतात. त्यांच्या बायका समुद्रापासून थोड्या अंतरावर वाळू हातानें उकरतात, गुडघाभर खळगा करतात, आणि त्यांत हळूहळू पाझरणारें पाणी वाटीनें भरून घेतात. तें गोडें असतें. कठड्याच्या विहिरी, बादल्या आणि तिकिटें बाजूला केलीं तर देवळांतल्या बावीस तीर्थांचें मूळ रूप हेंच.

या बेटावरच्या पाण्याची आणखी एक आठवण डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनीं आपल्या आत्मचरित्रांत नोंदविली आहे. त्यांचा जन्म येथलाच, १५ ऑक्टोबर १९३१चा. वडील जैनुलाबदीन नमाज आटोपून मशिदीबाहेर येत तेव्हां निरनिराळ्या धर्मांचे लोक पाण्याचीं भांडीं घेऊन उभे असत; ते त्यांत बोटें बुडवून प्रार्थना म्हणत, आणि तें पाणी घरच्या आजाऱ्यासाठीं नेलें जाई. देवळाचे मुख्य पुजारी पक्षी लक्ष्मणशास्त्री हे त्यांचे स्नेही. सीतारामकल्याणाच्या उत्सवांत मूर्ति रामतीर्थाच्या तळ्यांत मध्यभागीं नेण्यासाठीं होड्यांची व्यवस्था या मुसलमान कुटुंबाकडे असे. यात्रेकरूंना धनुष्कोडीस नेण्यासाठीं जैनुलाबदीन यांनीं स्वतः बांधविलेली होडी एका वादळांत गेली.

देवळाच्या ओवऱ्यांविषयीं बहुतेक प्रवासवर्णनांत भरपूर लिहिलेलें असतें, म्हणून येथें थोडक्यांत. फर्ग्युसननें या देवळाचें खरें वैभव शिखरांत नसून ओवऱ्यांत आहे असें म्हटलें, तें यथार्थ आहे; सगळ्यांची मिळून लांबी जवळजवळ ४,००० फूट भरते. बाहेरची ओवरी सेतुपति राजांच्या आश्रयानें अठराव्या शतकांत पुरी झाली, आणि तिला बाराशेंच्या वर खांब आहेत. ज्या बेटावर वाळू आणि पोवळ्याचा खडक यांपलीकडे दगड नाहीं, तेथें हा सारा कठीण पाषाण खाडी ओलांडून आणावा लागला, हें मात्र खांब मोजतांना विसरूं नये.

आजचा यात्रेकरू सकाळीं गाडीनें येऊन संध्याकाळीं परत जाऊं शकतो. २०१७ पासून धनुष्कोडीच्या टोंकापर्यंत, अरिचलमुनैपर्यंत, डांबरी सडक झाली आहे. पूर्वीं तेथें वाळूंतून जीपगाड्या हिंदकळत जात. पिण्याचें पाणी या जिल्ह्यांत कावेरीहून नळानें आणलें जातें. एवढें असूनहि ज्यांना सवड आहे त्यांनीं देवळाबाहेरचीं तीर्थें पाहावीं. परंपरेनें बेटावर आणि भोंवतीं चौसष्ट तीर्थें मानितात. त्यांपैकीं आंतलीं बावीस सोडलीं तर बाकीचीं कित्येक वर्षें गाळानें भरून, झुडपांनीं झांकून गेलीं होतीं. अलीकडे विवेकानंद केंद्राच्या पुढाकारानें त्यांतील पुष्कळांचा गाळ उपसला गेला, पायऱ्या दुरुस्त झाल्या आणि भोंवतीं झाडें लावलीं गेलीं. ईशान्येचा पाऊस चांगला झाला कीं हीं कुंडें भरतात आणि तें पाणी सावकाश वाळूंत उतरतें. तेथें रांग नसते, आणि बहुधा दुसरा कोणी यात्रेकरूहि नसतो.